आरशाचा कॅमेरा की खिडकीचा?

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न वास्तविक दुकानाच्या काउंटरवर सुटावयाचा. त्यात वर्तमानपत्राच्या सांस्कृतिक पानाने डोके घालावे कशाला, असे कोणी विचारील. निपाणीहून आलेल्या एका पत्राने तो आमच्यापुढे आणून ठेवला आहे आणि त्या पत्रात वर्गणीच्या पैशांहून मोलाचे काही गुंतलेले आहे, एवढेच आमचे उत्तर. तेथील काही तरुण मंडळी एकत्र आली आहेत. तंबाखूच्या जुन्या वखारी एकेक करून उतरत चालल्या. सासूने जन्मभर विड्या वळल्या, पण सून त्या सुपाला हात लावीत नाही. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचे मोडी कागद दर पावसाळ्याला थोडे थोडे कुजतात. हे सारे डोळ्यांआड होण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, असा मंडळींचा संकल्प आहे. संकल्प एकमताने झाला. वर्गणीही जमली. पुढे आपल्याकडे व्हावयाचे तेच झाले, यंत्र कोणते घ्यावे यावर दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, डिजिटल रेंजफाइंडर घ्या, म्हणजे लायकाच्या घराण्यातला. दुसरा म्हणतो, डीएसएलआरचा संच घ्या. 'आपण निवाडा द्यावा,' असे पत्रलेखक लिहितात.

निवाड्यासाठी मंडळींनी कोल्हापूरकडे पाहावे, यात नवल नाही. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन याच गावात चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बांधला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. यंत्राचे असे स्मारक किती गावांत असेल? आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांची घरे दोनचार पिढ्यांची आहेत, त्यांच्या कपाटात बडोद्यात तयार झालेला आग्फाचा क्लिक थ्री किंवा कोणा नातलगाने परदेशातून आणलेला याशिका इलेक्ट्रो 35 अजून असेल. तो याशिका रेंजफाइंडरच होता, हे पुष्कळांच्या ध्यानातही नसेल.

प्रथम दोन्ही यंत्रांचा स्वभाव पाहू. रेंजफाइंडरमध्ये डोळा लेन्समधून पाहत नाही. लेन्सच्या वर, बाजूस, एक स्वतंत्र खिडकी असते आणि तिच्यापासून काही अंतरावर दुसरी छोटी खिडकी. दोन्ही खिडक्यांतील प्रतिमा एकाच जागी एकमेकींवर पडतात. लेन्सचे कडे फिरविले की दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही तंतोतंत जुळल्या म्हणजे त्या अंतरावर फोकस बसला. जमीन मोजणारा दोन टोकांवरून एकच खूण पाहून अंतर काढतो, त्याच जातीची ही युक्ती आहे. ऑस्कर बार्नाक याने वेत्सलारच्या लाइट्झ कारखान्यात लहान फिल्मचा हा कॅमेरा घडविला, 1925 साली तो बाजारात आला, 1932 साली त्याला लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर मिळाला, आणि 1954 च्या एम 3 ने त्याला जे रूप दिले ते आजच्या एम 11 मध्येही ओळखू येते. डिजिटल अवतारात पहिला मान मात्र लायकाचा नव्हे. तो 2004 च्या एप्सनच्या आर-डी 1 चा. लायकाचा एम 8 त्यानंतर दोन वर्षांनी आला आणि फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा सेन्सर असलेला एम 9 आला 2009 साली.

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेले चित्र आरशावरून वर जाते आणि पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत पोहोचते. लेन्स जे पाहते तेच आपण पाहतो, मग ती डोंगर पाहणारी असो की डास. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, मिटते आणि आरसा पुन्हा खाली येतो. म्हणजे ज्या निमिषाचे चित्र निघते, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही; त्या वेळी खिडकी काळी असते. रेंजफाइंडरवाल्यांचा सारा अभिमान इथे आहे. त्यांची खिडकी कधी काळी होत नाही, आणि तिच्यात चौकटीच्या बाहेरचेही जग दिसते. कोण डावीकडून येतो आहे, कोण हात उचलतो आहे, हे चौकटीत शिरण्यापूर्वी कळते.

हा अभिमान पोकळ नव्हे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने लायका वापरला, त्याचा चकचकीत धातू काळ्या पट्टीने झाकून टाकला, आणि 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या हत्येपूर्वी थोडा वेळ तो त्यांच्यासमोर होता. पुढे अंत्ययात्रेच्या गर्दीत त्याने जे टिपले ते त्या लहानशा यंत्राने. निपाणीच्या मंडळींतील पहिल्या पक्षाने हे नाव पुढे केले असणारच. त्यांचा मुख्य मुद्दा असा दिसतो: विडीवाल्या बाईच्या घरात आठ बाय दहाची खोली, एकच दार, एकच झरोका. बाई दाराशी उजेडाला बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. तेथे गळ्यात नळकांड्यासारखी लेन्स अडकवून जो शिरेल, त्याला विडी दिसणार नाही. त्याला दिसेल पदर सावरून ताठ बसलेली बाई. एम 11 ची काळी बॉडी 530 ग्रॅमची आहे, तिच्यावरची 35 मिलिमीटरची लेन्स मुठीत मावते, आणि आरसा नसल्यामुळे शटरचा आवाज हलका असतो. आरशाचा धक्काही नाही, म्हणून अंधुक उजेडात सेकंदाच्या तिसाव्या हिश्शापर्यंत हात स्थिर राहू शकतो.

शिवाय एक गोष्ट आहे, जिची वाखाणणी करताना आमचा हात आखडत नाही. 35 मिलिमीटरच्या लेन्सचे अॅपर्चर एफ 8 वर ठेवावे, कडे 3 मीटरवर आणावे, म्हणजे सुमारे 2 मीटरपासून 7 मीटरपर्यंत सारे स्वच्छ येते. मग फोकसचा विचारच नको. नजरेने अंतर ओळखावयाचे, पाऊल पुढे किंवा मागे टाकावयाचे आणि बटण दाबावयाचे. बेळगावात वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, त्या गर्दीत दिवस असेपर्यंत तरी याहून जलद यंत्र नाही. जुन्या लेन्सवर ही अंतरे कोरलेली असत. आजच्या पुष्कळ स्वयंचलित लेन्सवर ती एकतर नाहीत, नाहीतर शोभेपुरती आहेत. ही विद्या बोटांतून जात आहे, याचे आम्हांस वाईट वाटते.

येथवर वाचून पहिल्या पक्षाने पेढे वाटू नयेत.

डिजिटल रेंजफाइंडरच्या वाटेत एक मूळचीच अडचण होती. आरसा नसल्यामुळे लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ बसते. लायका एमच्या बैठकीपासून सेन्सरचे अंतर 27.8 मिलिमीटर, तर कॅननच्या डीएसएलआरमध्ये ते 44 आणि निकॉनमध्ये 46.5. फिल्मला याचा फायदा होता, कारण रुंद दृष्टीच्या लेन्स लहान आणि सुबक करता येत. फिल्मवर प्रकाश कोणत्याही तिरकसपणे पडला तरी तिला चालते. सेन्सरला चालत नाही. त्याला प्रकाश शक्य तितका सरळ हवा. कडेच्या भागात तिरका प्रकाश पडला की कोपरे काळवंडतात, कधी त्यांच्यावर रंगाची झाक येते. त्यासाठी सेन्सरवरची सूक्ष्म भिंगे कडेकडेला सरकवून बसवावी लागली, सेन्सरवरची काच पातळ करावी लागली. काच पातळ केली तर एम 8 मध्ये अवरक्त किरण आत शिरू लागले आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावावयाच्या गाळण्या द्याव्या लागल्या. एम 9 च्या सेन्सरवरील काच काळांतराने गंजू लागली. कंपनीने ते मान्य करून सेन्सर बदलून दिले, पण पुढे ते सेन्सरच संपले. पुढल्या यंत्रांत हे दोष राहिले नाहीत हे खरे. तथापि जुना एम 9 स्वस्तात मिळतो म्हणून कोणी निपाणीस पाठवू म्हणेल, तर आधी त्याची काच तपासून घ्यावी.

आता मोडी कागदांकडे येऊ, कारण निवाडा तेथेच होतो असे आम्हांस वाटते. रेंजफाइंडरच्या बहुतेक लेन्स 70 सेंटिमीटरपेक्षा जवळचे पाहू शकत नाहीत. 50 मिलिमीटरच्या लेन्सने 70 सेंटिमीटरवरून सुमारे 28 बाय 42 सेंटिमीटरचा भाग येतो. एखादे मोठे पान त्यात बसेल, पण पानाच्या डोक्यावरचा रुपयाएवढा शिक्का चौकटीत तांदळाएवढा उरेल. वाटणीपत्र असो की इनामाचा कागद, त्याचे सारे वजन त्या शिक्क्यात आणि शेवटच्या ओळीत असते. डीएसएलआरला मॅक्रो लेन्स लावली, निकॉनची 105 किंवा कॅननची 100 मिलिमीटरची, की तो शिक्का पूर्ण चौकटभर येतो, त्याचा तुटका काठसुद्धा वाचता येतो. खिडकी लेन्सच्या बाजूला असल्यामुळे रेंजफाइंडरमध्ये जवळच्या वस्तूची चौकट काटेकोर बसत नाही, ही अडचण आणखी वेगळी. नव्या यंत्रांत मागच्या पडद्यावर पाहून ती सोडविता येते, पण मग खिडकीसाठी एवढे पैसे मोजून पडदाच पाहावयाचा असेल, तर खिडकी घेतली कशाला?

कागदांची कामे करणारांना आमचे एवढेच सांगणे आहे की कॅमेरा तिवईवर उभा खाली पाहणारा ठेवावा, दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर सारखे दिवे तिरके लावावेत, कागदाशेजारी पट्टी ठेवावी म्हणजे मापाचा वाद पुढे राहणार नाही, आणि घडी उलगडताना घाई करू नये. घरमालकाने कागद दाखविला म्हणजे तो घरी नेण्याची परवानगी दिली, असा अर्थ कोणी करू नये. जुन्या घराण्यांना आपल्या कागदांविषयी जी धास्ती असते ती अनुभवातून आलेली असते. छायाचित्र तेथेच, त्यांच्या सोप्यात, त्यांच्यासमोर काढावे.

दुसरे स्थळ आखाड्याचे. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्यांचे मैदान भरले की छायाचित्रकाराला हौद्यापासून दूर, गर्दीच्या पुढच्या रांगेत जागा मिळते. पहिलवानाने ढाक मारली आणि प्रतिस्पर्धी हवेत आहे, हे चित्र 35 मिलिमीटरने काढले तर त्यात माणसे मुंग्यांएवढी येतील. रेंजफाइंडरच्या चौकटरेषा 135 मिलिमीटरपाशी संपतात आणि त्या टोकाला खिडकीतील चौकट इतकी लहान होते की चष्मा लावणाऱ्याने तिचा नाद सोडावा. खानापूरच्या रानात धनेश पाहावयास जाणाराची तर गोष्टच नको. डीएसएलआरवर 70 ते 200 मिलिमीटरची लेन्स चढवावी; ती दीड किलोच्या आसपास भरते, खांदा दुखतो, पण चित्र मिळते.

वखारीचे म्हणाल तर तेथे दोन्ही यंत्रांची सारखीच परीक्षा आहे. तंबाखू चाळताना उडणारी धूळ डोळ्यांत, घशात आणि सेन्सरवर सारख्याच तत्परतेने जाते. डीएसएलआरमध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय पुष्कळ वर्षांपासून आहे, एम 9 मध्ये ती नव्हती. पण खरा उपाय सोयीचा नव्हे, शिस्तीचा: वखारीत लेन्स काढूच नये. जी लावून आत गेलात ती लावूनच बाहेर या. आणि बायका त्या धुळीत दिवसचे दिवस बसतात, तेव्हा आपल्या यंत्राची काळजी त्यांच्यासमोर मोठ्याने करू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पावसाचा विचार आमच्या भागात वेगळा करावा लागतो. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगावयास नको. लेन्सच्या काचांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी धरते ती जून ते सप्टेंबरात, आणि ती धरते कातडी पेटीत जपून ठेवलेल्या लेन्सला. कातडे ओल धरते. लेन्स हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्या ओलावल्या की तापवून कोरड्या कराव्यात, आणि अधूनमधून लेन्स बाहेर काढून उजेड दाखवावा. वरच्या श्रेणीच्या डीएसएलआरना आणि त्यांच्या लेन्सना सांध्यांवर रबरी कड्या असतात. रेंजफाइंडरच्या लेन्सना त्या नसतात. त्यातही रेंजफाइंडरची जुळणी ही नाजूक गोष्ट. एकदा मोटारसायकलच्या डिकीत आपटला आणि दोन प्रतिमा जुळूनही फोकस मागे पडू लागला, तर तो दोष चित्र मोठे करून पाहीपर्यंत कळत नाही, आणि दुरुस्त करणारा हात सीमाभागात मिळणे कठीण.

पैशांचा प्रश्न शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत सोपा आहे. एम 11 हा 2022 साली आला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत 8995 डॉलर होती. लेन्स निराळी. निकॉनचा डी 850 हा 2017 साली 3299 डॉलरला आला होता. आणि आता तर डीएसएलआरचे युगच मावळते आहे. निकॉन व कॅनन या दोघांनी 2018 साली आरसा नसलेल्या पूर्ण चौकटीच्या यंत्रांच्या नव्या मालिका काढल्या. 2020 मधले डी 6 आणि वन डी एक्स मार्क थ्री हे त्यांचे आरसेवाले अखेरचे मानकरी. पेंटॅक्ससारखा एखादा अपवाद अजून जुन्या वाटेवर आहे. मावळते म्हणून घेऊ नये, असे दुसऱ्या पक्षातील काहींना वाटू लागले आहे, असे पत्रावरून दिसते. आमचे मत उलट आहे. लग्नाचे फोटो काढणारी मंडळी नव्या यंत्रांकडे वळली, म्हणून त्यांची जुनी यंत्रे व लेन्स बाजारात उतरल्या किमतीला येतात. कॅननच्या 5 डी मार्क थ्रीचे शटर दीड लाख वेळा चालेल अशा हिशेबाने बनविले होते. लग्नाच्या एका हंगामात किती बटणे दाबली जातात हे ध्यानात घ्यावे आणि शटर किती वेळा चालले आहे तो आकडा पाहून मगच सौदा करावा. आरसा नसलेले नवे यंत्र परवडत असेल तर आमची हरकत नाही. मात्र त्याचे निःशब्द शटर ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे उमटवू शकते, हे विडीवाल्या घरात जाण्यापूर्वी आपल्या घरी करून पाहावे.

तर निवाडा असा. वर्गणी लोकांची आहे, काम कागदांचे, वखारींचे, घरांचे आणि आखाड्याचे आहे, आणि ही चारही कामे एका रेंजफाइंडरने होणार नाहीत. डीएसएलआरचा संच घ्यावा, वापरलेला घ्यावा, आणि शक्य तर एकाच जातीच्या दोन बॉडी घ्याव्यात, म्हणजे एक बंद पडली तर काम थांबणार नाही. पण लेन्स घेताना पहिल्या पक्षाचे ऐकावे. बहुतेक मंडळे प्रथम लांब नळीची लेन्स घेतात, कारण ती मोठी दिसते. निपाणीकरांनी प्रथम 35 मिलिमीटरची एफ 2 ची साधी लेन्स घ्यावी आणि मग मॅक्रो. लांब लेन्स कुस्तीच्या दिवसापुरती भाड्याने मिळते.

पहिल्या पक्षाचा एक मुद्दा मात्र आम्हांस अर्धाच पटतो. लहान यंत्राने माणसे बुजत नाहीत, असे ते म्हणतात. माणसे परक्याला बुजतात. कार्तिए-ब्रेसाँ परका होता, त्याला लहान यंत्र आवश्यक होते. ही मंडळी निपाणीची आहेत. ज्या बाईच्या दाराशी ती उभी राहणार, तिने त्यांतल्या एखाद्याला शाळेत जाताना पाहिले असेल. पहिल्या खेपेस कॅमेरा पिशवीतच ठेवावा, चहा घ्यावा आणि परत यावे. तिसऱ्या खेपेस त्या घरात आरशाचा आवाज कोणाच्या कानावर पडणार नाही. आणि जिने नको म्हटले, तिचे चित्र कोणत्याही यंत्राने काढू नये, लहान असो वा मोठे.

निपाणी म्हटले की 1981 सालच्या मार्च-एप्रिलमधले तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन आठवणारे अजून पुष्कळ आहेत. हमरस्त्यावर ठाण मांडलेली ती माणसे, शरद जोशींची भाषणे, आणि अखेरचा तो गोळीबार. त्या दिवसांत ज्यांच्या हातात कॅमेरा होता त्यांची छायाचित्रे कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या स्टुडिओच्या पोटमाळ्यावर निगेटिव्हच्या रूपात पडून असतील, तर तीही या मंडळींनी मागून घ्यावीत. डीएसएलआर, मॅक्रो लेन्स आणि मागून एकसारखा पांढरा उजेड एवढ्यावर निगेटिव्हची उत्तम नक्कल निघते. हे काम त्यांच्या पत्रात नाही. आम्ही ते त्यांच्या पदरात टाकीत आहोत.

उरलेल्या पैशांतून तीन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक निपाणीत, एक बेळगावात, एक येथे कोल्हापुरात कोणा नातलगाकडे ठेवावी. एकाच कपाटातल्या तीन डिस्क म्हणजे एकच डिस्क. प्रत्येक चित्राबरोबर गाव, तारीख आणि परवानगी असेल तर नाव, हे त्याच संध्याकाळी लिहावे. ज्या घरात चित्र काढले त्या घरी त्याची चांगल्या कागदावरची एक प्रत नेऊन द्यावी, आणि तो खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा, कारण मंडळांच्या जमाखर्चात तोच प्रथम कापला जातो. कामाचा क्रम विचाराल तर मृगापूर्वी मोडी कागद हातावेगळे करावेत. वखारी पावसानंतर, नवा माल येईल तेव्हा. विड्यांची घरे बारमाही उघडी आहेत.